बिग बँडचा बेसवाला ते सेशनवाला: मिल्ट हिंटनचं उदाहरण घेऊन सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: बिग बँडमध्ये, म्हणजे पंधरा-सोळा जणांच्या जॅझ बँडमध्ये, बेस वाजवणाऱ्याचं आणि पुढे सेशन म्युझिशियन, म्हणजे रेकॉर्डिंगपुरता बोलावला जाणारा वादक, होणाऱ्याचं करिअर प्रत्यक्षात कसं असतं, नाव कुठेच येत नाही तरी आयुष्यभर पोट भरतं का, त्यासाठी शिकायचं काय, आणि उभा बेस (व्हायोलिनच्या घरातलं, माणसाएवढं, उभं राहून वाजवायचं वाद्य) घ्यावा का.

मी उभा बेस आणि बेस गिटार दोन्ही वाजवतो. मुंबईत स्टुडिओ, जिंगल, हॉटेल, लग्नातले शो, जे मिळालं ते केलंय आणि अजून करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो. आणि हवेत सल्ले देण्यापेक्षा एकाच माणसाचं आयुष्य समोर ठेवतो, म्हणजे कुठली गोष्ट कशामुळे झाली ते दिसेल. हा माणूस म्हणजे अमेरिकन जॅझ बेसवाला मिल्ट हिंटन. आपल्याकडच्या बेसवाल्या पोरांना जाको पास्टोरियस माहीत असतो, मार्कस मिलर माहीत असतो, हिंटन म्हटलं की चेहरा कोरा. खरं तर जुनं अमेरिकन संगीत थोडंफार ऐकणाऱ्या माणसाच्या कानावर हिंटन कधी ना कधी पडलेलाच असतो, फक्त तो हिंटन आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. नुसत्या जॅझचीच त्याची रेकॉर्डिंग सेशन्स हजाराच्या वर आहेत, पॉप आणि जिंगल वेगळे.

तर पोट भरतं का? भरतं. पण ते कशानं भरतं याबद्दल पोरांच्या डोक्यात भलतंच असतं. सोलोनं भरत नाही. आपण खोलीत असलो की बाकीच्यांचं काम सोपं होतं आणि लवकर संपतं, यानं भरतं. पुढचं सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे.

हिंटन जन्मला १९१० साली, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गला. लहानपणीच शिकागोला आला. आई पियानो वाजवायची आणि शिकवायची, तिनं पोराच्या हातात व्हायोलिन दिलं. त्या काळात व्हायोलिन शिकणं म्हणजे नोकरीची सोय होती, कारण मूकपट असायचे आणि प्रत्येक मोठ्या थिएटरात पडद्यासमोर जिवंत ऑर्केस्ट्रा बसायचा. शिकागोच्या व्हेंडोम थिएटरात अर्स्किन टेटचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग वाजवून गेला, आणि पियानोवर टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड म्हणजे तोच, जो पुढे शांघाय वगैरे करत आपल्या मुंबईच्या ताजमध्ये आला आणि १९४५ला कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. ताजमधले असले बँड ऐकत ऐकत गोव्याची पोरं जॅझमध्ये मुरली आणि मग तीच हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत जाऊन बसली, म्हणजे शिकागोच्या त्या थिएटरचा धागा फिरून फिरून दादर-ताडदेवच्या स्टुडिओंपर्यंत येतो. असो, हे विषयांतर झालं, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग १९२७ला बोलपट आले आणि थिएटरातले ऑर्केस्ट्रे भराभर बंद झाले. व्हायोलिनवाले तर रस्त्यावरच आले. काळ्या व्हायोलिनवाल्याला सिंफनीत कोणी घेणार नव्हतं, आणि डान्स बँडला व्हायोलिन नको होतं, त्यांना बेस हवा होता. हिंटन बेसवर आला तो असा. बेसचा गंभीर नाद त्याला खुणावत होता वगैरे काही नाही, काम तिकडे होतं. पण हाताला व्हायोलिनची सवय असल्यामुळे त्याच्याकडे दोन गोष्टी आयत्या आल्या, नोटेशन वाचता येत होतं आणि बिनपडद्याच्या (बोटं कुठे ठेवायची याच्या खुणा नसलेल्या) वाद्यावर सूर शोधायची कानाला सवय होती. त्यावेळच्या पुष्कळ बेसवाल्यांकडे हे नव्हतं. पुढे त्यानं दिमित्री श्मुक्लोव्स्की नावाच्या रशियन चेलोवादकाकडे रीतसर शिक्षण घेतलं, गज चालवायचं. आणि दुसऱ्या टोकाला न्यू ऑर्लिन्सचा जुना बेसवाला बिल जॉन्सन, त्याचं बघून स्लॅप, म्हणजे तार ओढून आपटवायची पद्धत, उचललं. म्हणजे एका हातानं कॉन्झर्व्हेटरीचं (संगीत विद्यालयाचं) शिक्षण आणि दुसऱ्या हातानं गल्लीतलं. माझ्या मते अर्धं करिअर इथेच ठरलं.

१९३६. गायक आणि बँडलीडर कॅब कॅलोवे तेव्हा अमेरिकेतला बडा स्टार, त्याचा बेसवाला अल मॉर्गन एका सिनेमाच्या शूटिंगच्या वेळी कॅलिफोर्नियातच राहून गेला. बँड न्यूयॉर्कला परत निघालेला, वाटेत शिकागो. हिंटन तेव्हा थ्री ड्यूसेस नावाच्या क्लबात ड्रमर झटी सिंगलटनच्या हाताखाली वाजवत होता. बँडमधल्या केग जॉन्सननं त्याचं नाव सुचवलं, कॅब येऊन ऐकून गेला, आणि थेट झटीला विचारलं की हा पोरगा मला देतोस का. झटीनं देऊन टाकला. हिंटनला कळायच्या आत तो गाडीत होता. कॅबचा बेत असा होता की न्यूयॉर्कला पोचेपर्यंत याच्यावर भागवू, तिथे मग चांगला बेसवाला बघू. तो तात्पुरता माणूस १९५१पर्यंत राहिला, पंधरा वर्षं!

या पंधरा वर्षांत तो काय शिकला हे नीट समजून घे, कारण बिग बँडकडे लोक झगमगाट म्हणून बघतात, आणि बेसवाल्यासाठी ती मजुरी असते. समोर ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोनच्या रांगा, मागे ड्रम, आणि तुझ्याकडे अँप्लिफायर नाही. तारा आतड्याच्या. त्या बोर्डापासून उंच ठेवायच्या, नाहीतर आवाज हॉलच्या शेवटापर्यंत जातच नाही, आणि उंच तार म्हणजे बोटांची साल निघणार. रात्रभर दर बारला, म्हणजे तालाच्या एका आवर्तनाला, चार ठोके. एक ठोका जरी लवकर पडला की पंधरा माणसं घसरतात आणि पुढे नाचणारे हजार. स्लॅपचा उपयोगही तिथेच, तार ओढून सोडली की ती बोर्डवर आपटते आणि मोकळ्या हाताची थाप वर, म्हणजे सूर आणि ठेका दोन्ही एकाच माणसाकडून, तेही माईकशिवाय. हिंटनचं दुहेरी तिहेरी स्लॅप ऐकायचं तर कॅबच्या बँडचं १९३९चं ‘प्लकिंग द बेस’ काढ. आणि दोन वर्षांनी त्याच बँडमध्ये त्यानं गजावर वाजवलेलं ‘एबनी सिल्हुएट’ लगेच ऐक, एकाच माणसाचा हात आहे यावर विश्वास बसत नाही.

पण मी शिकवताना सोलोचं रेकॉर्ड नंतर ऐकवतो. आधी कॅब गातोय त्याच्या खाली बेस काय करतो ते ऐकायला लावतो. कॅब हा नाचणारा, ओरडणारा, वाटेल तिथे थांबणारा गायक. त्याच्यामागे रोज रात्री राहायचं म्हणजे गाणाऱ्याचा श्वास ओळखायला शिकणं. त्याची पट्टी, त्याचे लाडके थांबे, मूड नसेल तेव्हा लय किती खाली येते. स्टुडिओत पुढे जे गायक आले त्यांना हिंटन का आवडायचा याचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

१९३९ला बँडमध्ये डिझी गिलेस्पी हा ट्रम्पेटवाला आला, वय एकवीस-बावीस, डोक्यात सगळे नवे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट). हिंटन त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आणि बँडमध्ये पक्का बसलेला. तरी न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमधल्या मध्यंतरात हे दोघं गच्चीवर जायचे, हिंटन तो एवढा बेस अरुंद जिन्यातून वर न्यायचा, आणि डिझी त्याला दाखवायचा की नेहमीच्या कॉर्डऐवजी इथून असं जाता येतं. मग खाली येऊन शोमध्ये ते वाजवून बघायचे. सोलो घेताना कधी डिझी अडकायचा आणि हिंटनच त्याच्याकडे बघून हसायचा, अशाही आठवणी त्यानं सांगितल्यात. या दोघांबद्दल लोकांना कागदाच्या गोळ्याचा किस्सा जास्त माहीत असतो: १९४१ला हार्टफर्डमध्ये स्टेजवर कोणीतरी गोळा मारला, कॅबनं डिझीवर आळ घेतला, भांडण वाढलं, डिझीनं चाकू काढला, हिंटननं मध्ये हात घातला म्हणून वार वाचला, कॅबला जखम झाली ती वरवरची, आणि डिझीची नोकरी गेली. गोळा मारणारा भलताच होता, बँडमधलाच जोना जोन्स. किस्सा भारी आहे, पण कामाची गोष्ट गच्चीवरची आहे. बरी नोकरी, बरा पगार, बँड लोकप्रिय, आणि तरी स्वतःहून लहान माणसाकडून नवीन शिकायचं. सेशनवाल्याला हे जमलं नाही तर त्याचं वाजवणं दहा वर्षांत जुनं होतं आणि फोन यायचा थांबतो.

दौऱ्यांचं एक सांगतो. बँड पुलमन डब्यातून (रेल्वेच्या झोपायची सोय असलेल्या डब्यातून) फिरायचा, कॅबनं तो भाड्यानं घेतलेला असायचा, कारण दक्षिणेत काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नव्हती. हिंटनला २५व्या वाढदिवसाला कोणीतरी ३५ मिलिमीटरचा कॅमेरा दिला होता, तो बरोबर असायचा. झोपलेले वादक, फलाटावरचे वादक, आणि काळ्यांसाठी वेगळं दार लिहिलेल्या पाट्यांखाली उभे असलेले तेच वादक. असे सुमारे ६०,००० निगेटिव्ह त्यानं मागे ठेवले. १९५८ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आर्ट केननं सत्तावन्न जॅझवाल्यांचा तो प्रसिद्ध फोटो काढला त्यात हिंटन आहे, आणि त्या दिवशी बाजूला उभं राहून त्यानं आणि त्याची बायको मोना हिनं जे फोटो नि फिल्म काढली ती पुढे त्या फोटोवरच्या माहितीपटाला कामाला आली.

मग बिग बँड बुडाले. एका कारणानं नाही. १९४२ ते ४४ वादकांच्या युनियननं रेकॉर्डिंगवर बंदी घातली, त्या काळात गायक पुढे गेले आणि बँड मागे पडले, १९४४पासून नाचगाण्याच्या जागांवर जबर टॅक्स बसला, मग टीव्ही आला आणि लोक घरी बसायला लागले. सोळा माणसांचा पगार कोण देणार? कॅबनंही बँड छोटा करत करत शेवटी बंद केला. हिंटन चाळिशीत बेकार. नुकतंच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात घर घेतलेलं, मुलगी लहान.

इथे नशीब आलं हे मान्य करायला हवं. जॅकी ग्लीसन, टीव्हीवरचा विनोदी नट, त्याला हिंटन क्लबांच्या दिवसांपासून माहीत होता. ग्लीसन तेव्हा तंतुवाद्यांच्या मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर रोमँटिक संगीताच्या रेकॉर्डी करत होता. रस्त्यात भेट झाली, काय चाललंय विचारलं, काम नाही म्हटल्यावर ग्लीसननं आपल्या माणसाला सांगितलं की उद्याच्या रेकॉर्डिंगला हा असेल. बेसवाला आधीच ठरलाय म्हणाले, तर ग्लीसन म्हणाला असू दे, हाही असेल. न्यूयॉर्कचे स्टुडिओ तेव्हा जवळजवळ पूर्ण गोऱ्यांचे होते. हिंटन गेला, पुढ्यात कागद आला, त्यानं वाचला, गज हातात घेतला तेव्हाही सूर जागेवर. तंतुवाद्यांच्या विभागातल्याच लोकांनी मग त्याला दुसऱ्या कामांना बोलवायला सुरुवात केली. दार ग्लीसननं उघडलं, पण शिकागोतली ती व्हायोलिनची आणि श्मुक्लोव्स्कीची वर्षं नसती तर तो दुसऱ्या दिवशी परत आत आला नसता. मध्ये १९५३-५४ला लुई आर्मस्ट्राँगबरोबर दौरेही केले, पण स्टुडिओचं काम वाढतंय बघून ते सोडलं. आर्मस्ट्राँगला सोडणं! त्यावेळी कोणाला पटलं नसेल, पण घरी झोपायला मिळणं आणि नियमित पैसे ही साधी गोष्ट नाही, दौरे केलेल्या माणसाला विचार.

आता सेशन म्हणजे काय ते. न्यूयॉर्कमध्ये युनियनचा नियम: तीन तासांचं सेशन, त्यात जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं पक्कं संगीत, म्हणजे साधारण चार गाणी. १९५०च्या दशकात त्याचा दर ४१ डॉलर २५ सेंट. दहा ते एक, दोन ते पाच, सात ते दहा, असे दिवसाचे तीन मिळाले की दिवस सोन्याचा, फक्त प्रत्येक वेळी एवढा बेस घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला वेळेत पोचायचं. तालीम नाही. कागद समोर येतो, कधी पूर्ण लिहिलेला, कधी नुसते कॉर्ड, एकदा वाचून वाजवायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या टेकला (रेकॉर्डिंगच्या प्रयत्नाला) ते कायमचं छापलं जातं. चूक एकानं केली तरी तीस माणसं परत वाजवणार, आणि तीन तास उलटले की कंपनीला ओव्हरटाईम. म्हणून कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे वादक जमवणारा माणूस, सगळ्यात भारी वाजवणाऱ्याला बोलवत नाही, तो अशा माणसाला बोलवतो ज्याच्यामुळे टेक वाया जात नाही.

हिंटन, ड्रमवर ओसी जॉन्सन, गिटारवर बॅरी गॅलब्रेथ, पियानोवर हँक जोन्स, हे चौघं पन्नाशीच्या दशकात इतक्या वेळा एकत्र बोलावले गेले की न्यूयॉर्कची ऱ्हिदम सेक्शन (लय आणि कॉर्ड सांभाळणारी टोळी) म्हटलं की तेच. डिसेंबर १९५७च्या सीबीएस टीव्हीवरच्या जॅझच्या कार्यक्रमात बिली हॉलिडे ‘फाईन अँड मेलो’ गाते, तिच्यामागे बेस हिंटनचा आहे. तो व्हिडिओ सगळे बिलीच्या चेहऱ्यासाठी आणि लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनच्या सोलोसाठी बघतात, बरोबरच आहे, पण एकदा फक्त बेस ऐक. काहीच करत नाही असं वाटतं. तो तिथून काढला तर ती सगळी संथ लय कोसळेल. पुढच्या वर्षी तिच्या तंतुवाद्यांच्या रेकॉर्डमध्ये तोच. जॉर्ज रसेलचं अवघड, डोकं फिरवणारं आधुनिक जॅझ तोच, आणि ड्रिफ्टर्ससारख्या ग्रुपचं बीचवर वाजणारं पॉपही तोच. कुठल्याच कामात तो कमी लेखून वाजवताना ऐकू येत नाही. आपल्याकडे जिंगल म्हटलं की नाक मुरडणारे वादक आहेत, मला त्यांच्याविषयी फार सहानुभूती नाही.

पैशांचं स्पष्ट बोलू. रेकॉर्ड कितीही खपली तरी सेशनवाल्याला गायकासारखी रॉयल्टी नाही. जाहिरातीत वाजवलेलं परत परत चालवलं की युनियनच्या करारामुळे पुन्हा पैसे मिळायचे, आणि १९६४पासून रेकॉर्ड कंपन्यांकडून एक वेगळा फंड सुरू झाला, त्यातून वर्षाला काही यायचं. म्हणजे एकट्या वादकाच्या कौशल्यानं घर चालत नव्हतं, मागे युनियन होती. आपल्याकडेही सिने म्युझिशियन्स असोसिएशननं ग्रेड आणि शिफ्टचे दर ठरवले तेव्हाच गोवन, पारशी, मराठी वादकांच्या घरात महिन्याचा हिशोब मांडता यायला लागला. टोनी वाझसारख्या बेसवाल्यांचं नाव कॅसेटच्या कव्हरवर शोधून सापडणार नाही, पण आर. डी. बर्मनची गाणी त्यांच्या बोटांवर उभी आहेत. हिंटनच्या घरी हिशोब मोना ठेवायची, कुठलं काम कधी, कोणाकडून पैसे यायचेत, सगळं. तुझ्याकडे मोना नसेल तर वही तरी ठेव. ही चेष्टा नाही, चांगले वाजवणारे लोक केवळ पैसे मागायला विसरून कर्जात गेलेले मी बघितलेत.

साठीच्या दशकाच्या शेवटी हे सगळं ओसरलं. रॉक ग्रुप स्वतःचा बेसवाला घेऊन यायला लागले, बेस गिटार आली, कामं लॉस एंजेलिस, डेट्रॉइटकडे सरकली. तिकडे तरी बेस कोणाच्या हातात होता बघ, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन मूळचा उभा बेस वाजवणारा जॅझवाला, कॅलिफोर्नियाची कॅरल के जॅझ गिटारवाली. वाद्य बदललं, मुळं तीच. हिंटननं मग हंटर आणि बारूक कॉलेजात शिकवलं, गायक बिंग क्रॉस्बीच्या शेवटच्या दौऱ्यांत वाजवलं, महोत्सव केले. पंचाहत्तरी उलटल्यावर तरुण सॅक्सोफोनवाला ब्रॅनफर्ड मार्सालिस यानं त्याला आपल्या तिघांच्या ट्रायोत घेतलं, १९८९ला ती रेकॉर्ड आली, ऐकताना म्हातारा माणूस वाजवतोय असं कुठेही जाणवत नाही. १९९३ला अमेरिकन सरकारचा जॅझ मास्टर सन्मान, आणि डिसेंबर २०००मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला.

आता तुझं. आज मुंबईत तीस माणसांचं रेकॉर्डिंग क्वचित होतं, बेस बऱ्याचदा कीबोर्डवरच वाजवून टाकतात, हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. तरी लाईव्ह शोला माणूस लागतो, आणि ज्या अरेंजरला कान आहे तो शेवटच्या मिक्सला खरा बेस मागतोच. फक्त स्टुडिओवर अवलंबून राहू नकोस, शिकवणी धर, शो धर. वाचायला शिक, टॅब (बोटांच्या जागा आकड्यांत लिहिलेले) नाही, बेस क्लेफ, म्हणजे बेसचं खरं नोटेशन. रोज एक अनोळखी पान काढ, मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) लाव, आणि चुकलं तरी थांबायचं नाही, पुढे जात राहायचं, कारण सेशनमध्ये थांबणारा माणूस सगळ्यांना थांबवतो. मेट्रोनोमची टिकटिक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेव, आणि लय फार हळू, मिनिटाला साठ टिकटिकच्याही खाली, तिथे खोटेपणा लगेच उघडा पडतो. गायकांबरोबर वाजव, बेसवाल्या मित्रांबरोबर जॅम करून काही होत नाही. बाराही पट्ट्या हव्यात, कारण गायिका आल्यावर गाणं अर्ध्या सुरानं वर जातं आणि कागद कोणी परत लिहून देत नाही.

उभा बेस घेऊ का असं विचारलंयस. घे, पण आधी प्लायवूडचा घे. सॉलिड लाकडाचा बेस मुंबईच्या पावसाळ्यात फुगतो, मग एसी स्टुडिओत आकसतो, सांधे सुटतात, आणि दुरुस्त करणारी माणसं इथे फार कमी. घेतल्यावर ब्रिज आणि तारांची उंची जाणकाराकडून बसवून घे, नाहीतर बोटं जातील आणि दोष वाद्याला देशील. गज पहिल्याच महिन्यात हातात धर, जॅझच वाजवायचं असलं तरी, सूर कुठे खाली बसतोय ते गजावर लपत नाही. आणि नेण्या-आणण्याचा खर्च बिदागी ठरवतानाच वेगळा सांग, टेम्पोवाला तुझ्या कलेवर येत नाही.